कुपवाडची लाकूड सुकवण्याची भट्टी: गिटारच्या लाकडासाठी जावं का?

जावं. फक्त द्राक्षाचा हंगाम टाळून जावं आणि आपल्याला नक्की काय करून हवंय ते ठरवून जावं. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरात एखादी शिसवी फळी भिंतीला टेकून उभी आहे आणि तिची गिटार करायची की नाही ते ठरत नाहीये.

मी मिरजेत गिटार बनवते, दुरुस्तही करते. स्टील तारांच्या जास्त, नायलॉनच्या कमी. भट्टीचं नाव इथे देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. चेंबर दोनच आहेत, पोटापाण्याचं काम पॅकिंगच्या लाकडाचं आहे आणि वाद्यांचा माल ते आवडीने घेतात, त्याची रांग लागलेली त्यांना नकोय. कुपवाड एमआयडीसीच्या आसपास ज्या वखारीतून तुम्ही लाकूड घेता तिथे विचारलंत की रस्ता कळेल.

या शेडमध्ये तीन वेगळी कामं चालतात. बाहेरून येणारा माणूस तिन्हींना हीट ट्रीटमेंटच म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो. पहिलं काम पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडची द्राक्षं परदेशी जातात, ती लाकडी पॅलेटवर. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्या लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअसला राहावा लागतो, म्हणजे आतली कीड आणि अळी मरते. मग त्यावर एचटी असा शिक्का बसतो. या कामात लाकूड वाळतंच असं नाही. शिक्का बसलेली फळी आतून चांगली ओली असू शकते. असला माल ‘ट्रीटमेंट केलेला आहे’ म्हणून वाद्यासाठी विकताना मी पाहिलाय. विकणारा खोटं बोलत नसतो, पण गिटार करणाऱ्याला त्या शिक्क्याचा काही उपयोग नाही.

दुसरं काम सुकवणीचं. यासाठीच मी जाते. तिसरं भाजण्याचं, ते अलीकडचं आहे आणि त्यावर माझं मत थोडं राखून आहे. त्याबद्दल नंतर.

सुकवणीबद्दल बोलायचं तर आधी पाण्याचा हिशेब डोक्यात हवा. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतीत. पोकळीतलं आधी जातं आणि ते जाताना लाकूड जवळपास हलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसायला लागतं. तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत नगण्य, वर्तुळांना आडवं म्हणजे गाभ्यापासून सालीकडे थोडं, आणि वर्तुळांच्या कडेकडेने त्याच्या दुपटीच्या आसपास. भारतीय शिसवीचे आकडे अनुक्रमे २.७ आणि ५.८ टक्के असे दिले जातात. म्हणून गिटारची फळी उभ्या रेषांची, क्वार्टर सॉन मागायची, म्हणजे रुंदी गाभ्याकडून सालीकडे जाते आणि कमी हलते.

हा कागदावरचा आकडा गिटारवर उतरवून बघा. मोठ्या गिटारची बॅक, म्हणजे मागची पाटी, खालच्या पोटाशी साधारण ४०० मिलिमीटर रुंद असते. उभ्या रेषांची शिसवी असेल तर ओलाव्याच्या दर एक टक्क्याला ती ०.३६ मिलिमीटर हलते. सिटका स्प्रूस या लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची पाटी, त्याच मापाला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलतो. आता आपल्याकडचं हवामान घ्या. हवेत ५० टक्के दमटपणा असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १५-१६ वर जातं. म्हणजे एप्रिलमध्ये सांगलीत तयार झालेली गिटार जुलैत पाचगणीच्या एखाद्या शाळेच्या वसतिगृहात गेली, तर मोकळा ठेवला असता तो टॉप तीन मिलिमीटरहून जास्त फुगला असता. पण तो मोकळा नसतो. कडेने साइडला, म्हणजे बाजूच्या वाकवलेल्या पाटीला, चिकटलेला असतो, खालून ब्रेसिंगच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो. मग तो वर उचलतो, तारा बोटांपासून लांब जातात आणि पोरं म्हणतात गिटार कडक झाली. उलट्या दिशेने गेलं तर टॉप चिरतो. नेकवरच्या, म्हणजे दांडीवरच्या, फ्रेटबोर्डच्या पट्टीचं लाकूड आकसतं, तिच्यात आडव्या बसवलेल्या फ्रेटची तार आकसत नाही, आणि नेकवरून हात फिरवला की टोकं टोचतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींमध्ये हे आजार सगळ्यात जास्त आहेत, आणि ते तारा बदलून जात नाहीत.

म्हणून भट्टीवाल्याला मी पहिला प्रश्न विचारते, किती टक्क्यांवर आणून देणार? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘फर्निचरला देतो तसं’. या भट्टीवर अण्णांनी उलट विचारलं, “ताई, गिटार कुठं ऱ्हाणार हाय?” अण्णा म्हणजे भट्टी चालवणारे, मालक नव्हेत. मालक हिशेब बघतात, लाकूड अण्णांच्या हातात असतं. त्या एका प्रश्नावर माझा निम्मा निर्णय झाला.

मी त्यांच्याकडे दिलेला माल असा. कर्नाटकातल्या डेपोतून कागदपत्रांसह आणलेल्या इंचभर जाडीच्या शिसवी फळ्या, नेकसाठी तून या लाकडाचे ठोकळे, आणि पाटणकडच्या फणसाच्या दोन रुंद फळ्या. तून आमच्या मिरजेला नवं नाही. सतार आणि तंबोऱ्याची दांडी, तबली (भोपळ्यावरची पाटी) याच लाकडाची होते, आणि सतारमेकर गल्लीतली जुनी घरं ते वर्षानुवर्षं माळ्यावर मुरवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हा मुरवण्याचा धीरही आहे असं मला मनापासून वाटतं. माझ्यासारखीकडे तेवढा माळा नाही आणि तेवढी वर्षंही नाहीत. इंचभर जाडीला वर्षभर, असा हवेवर वाळवण्याचा ढोबळ हिशेब सांगतात. आपल्याकडे मध्ये चार महिने पावसाचे असतात आणि वाळत आलेलं लाकूड पुन्हा ओलावा ओढतं. त्यामुळे हवेवर कितीही ठेवलं तरी त्याचा ओलावा आपल्या हवेच्या दमटपणाने ठरतो त्याच्या खाली जात नाही. शेवटचा टप्पा भट्टीतच करावा लागतो.

त्यांची थप्पी लावायची पद्धत बघण्यासारखी आहे. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या, आणि प्रत्येक थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या वर. एक जरी सरकली तरी वजनाने फळीला बाक येतो आणि तो बाक घेऊनच ती वाळते. थप्पीवर वरून वजन असतं. मधल्या थरात नमुन्याची फळी अशी ठेवलेली असते की ती ओढून बाहेर काढता येते. ती रोज काढून तोलतात आणि वहीत लिहितात. वही छापील नाही, साधी शाळकरी आहे, पण तिच्यात तापमान, ओल्या आणि कोरड्या पाऱ्याचे (आतला दमटपणा सांगणारे) आकडे, वजन, सगळं तारखेवार आहे. माल नेताना मी त्या पानांचा फोटो मागितला, तो त्यांनी लगेच दिला. जिथे अशी वही नसेल तिथे माल टाकू नका, हे मी ठामपणे सांगते.

शिसवी त्यांनी हळू घेतली. सुरुवात चाळीस-पंचेचाळीस अंशाला, आत भरपूर वाफ सोडून. उष्णता देताना वाफ कशासाठी, असं नवीन माणसाला वाटतं. आमच्या भागात बेदाणा करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. द्राक्षं तो थेट उन्हात टाकत नाही, शेडमध्ये जाळीवर सावलीत वाऱ्यावर वाळवतो. लाकडाचंही तेच. वरचा थर झपाट्याने वाळला तर आतलं पाणी आतच अडकतं. हळूहळू तापमान वाढवत आणि वाफ कमी करत त्यांनी शेवट साठ अंशांपर्यंत नेला. फळ्यांच्या टोकांना मी घरीच मेण लावून नेलं होतं, कारण टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने पळतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. हे काम भट्टी करत नाही. करायला हवं, निदान विचारलं तरी पाहिजे. ही त्यांची पहिली उणीव.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले, ती.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून शिसवी सुकवून घेतली होती. ओलावा मोजायच्या मीटरवर आठ टक्के दाखवत होती, दिसायला सरळ, कुठे चीर नाही. गिटारची बॅक करताना जाड फळी उभी चिरून तिच्या पातळ पाट्या काढतात आणि पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी शेजारी जोडतात, म्हणजे रेषांची जोडी जुळते. त्या फळीला बँडसॉ, म्हणजे पट्ट्याची यंत्र-करवत, लावली आणि मध्यावर येईस्तोवर चिरलेल्या दोन्ही पाट्या पात्यावर आवळल्या. पुढे काढलेली प्रत्येक पाटी पन्हाळीसारखी वाकली. आठ टक्के ओलावा खराच होता. मी पुन्हा तपासून घेतला. बिघाड ओलाव्यात नव्हता, ताणात होता.

हा ताण येतो कुठून? भट्टीत वरचा थर आधी वाळतो आणि त्याला आकसायचं असतं. आतला गाभा ओला असतो, तो त्याला आकसू देत नाही. मग वरचा थर ताणलेल्या अवस्थेतच वाळून घट्ट होतो. काही दिवसांनी गाभा वाळायला लागतो, त्याला आकसायचं असतं, आणि आता वरचा घट्ट झालेला थर त्याला अडवतो. शेवटी बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ओढीखाली, असं भांडण फळीच्या पोटात कायमचं राहतं. फळी अख्खी आहे तोवर दोन्ही बाजू सारख्या ओढत असल्यामुळे काही दिसत नाही. टेबल, कपाट, दार करणाऱ्याला ते कदाचित कधीच दिसणार नाही. गिटारवाला फळी मधोमध फाडतो, त्यामुळे ते नेमकं त्याच्या वाट्याला येतं.

या भट्टीवर हा ताण तपासतात आणि तो असेल तर काढतात. माझ्या शिसवीचा मीटर आठवर आला तेव्हा मी गाडी घेऊन हजर होते. अण्णा म्हणाले, “मीटर आठ दावतोय म्हणून गाडीत टाकू नगा. आधी चिमटा कापून बघू.” त्यांनी नमुन्याच्या फळीच्या मधून, टोकापासून लांब, एक आडवा तुकडा कापला. त्या तुकड्याच्या मधला भाग करवतीने काढून टाकला, की दोन पाय उरतात, चिमट्यासारखे. पाय सरळ राहिले तर ताण नाही. आत वळले तर वरच्या थरात ताण घट्ट बसलाय. बाहेर वळले तर शेवटची वाफ जास्त झालीय. आमचे पाय आत वळले. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतके.

मग त्यांनी माल परत आत घेतला आणि वाफ सोडून वरचा थर थोडा ओला आणि नरम केला, म्हणजे तो दाबाखाली आपोआप बसतो आणि भांडण मिटतं. याला कंडिशनिंग म्हणतात. त्याआधी सगळ्या फळ्या एकाच ओलाव्यावर आणून ठेवण्याचाही एक टप्पा असतो. या दोन्ही टप्प्यांना भट्टी अडून राहते, वाफ लागते, वीज लागते, आणि गिऱ्हाइकाला मीटरवर काहीही फरक दिसत नाही. म्हणूनच घाई असलेल्या ठिकाणी नेमके हेच टप्पे वगळले जातात. भारतीय मानक आयएस ११४१ लाकडाच्या सीझनिंगसाठीच आहे आणि त्यात जातीवार वेळापत्रकं आहेत. हे काही गुपित ज्ञान नाही. प्रश्न इतकाच असतो की दिसत नसलेल्या कामावर कुणी दिवस घालवायचे. दुसऱ्यांदा कापलेला चिमटा सरळ राहिला. तो तुकडा मी वर्कशॉपमध्ये ठेवलाय आणि येणाऱ्या प्रत्येक होतकरू कारागिराच्या हातात देते.

त्या शिसवीच्या पाट्या मी तीन मिलिमीटरवर चिरल्या. पात्यावर कुठेही आवळलं नाही. पाट्या चिरल्यावर लगेच जोडल्या नाहीत, वर्कशॉपच्या खोलीत, जिथे मी दमटपणा ४५ ते ५० टक्क्यांत राखते, तिथे पट्ट्या घालून ठेवल्या. भट्टीतून आलेलं लाकूड आपल्या खोलीच्या हवेशी जुळायला वेळ घेतं, तो द्यावाच लागतो. सगळ्या सरळ राहिल्या. दोन गिटारी झाल्या, त्यातली एक साताऱ्याच्या माणसाकडे पावसाळा काढून पुन्हा माझ्याकडे तारा बदलायला आली, बॅकचा जोड नखालाही लागत नव्हता.

तून चांगलं सुकलं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. फणसाची एक फळी गाभ्याजवळून चिरली. पण तिच्यात गाभ्याचा मध्यच आला होता, भट्टीचा त्यात दोष नाही. उरलेल्या फणसाचा पिवळा रंग सुकवणीत टिकला आणि तो टकटक केल्यावर फार छान बोलतो. तंजावरची वीणा फणसाचीच असते, तेव्हा नवल नाही. त्याची एक नायलॉन तारांची गिटार करायची माझी इच्छा आहे.

मीटरबद्दल एक सूचना. त्यांच्याकडचा दोन खिळ्यांचा मीटर आहे आणि तो जातीप्रमाणे दुरुस्ती करूनच वाचावा लागतो. शिसवीसारख्या जड लाकडाला तो नुसता वाचला तर चकवतो. ३० टक्क्यांच्या वर तर कुठलाच असा मीटर भरवशाचा नाही. तुम्ही तुकडा मागून घ्या आणि खात्री करा. तुकडा तोलायचा, १०३ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवायचा, पुन्हा तोलायचा. समजा आधी १३० ग्रॅम भरला, नंतर ११२, तर १८ ग्रॅम पाणी होतं. त्या १८ ला कोरड्या वजनाने, म्हणजे ११२ ने भागायचं. ओलावा १६ टक्के. दागिने तोलायचा छोटा काटा मिळतो, तो पुरतो. मालकांना सांगितलंत तर ते स्वतः करूनही देतात, पण सांगावं लागतं.

आता भाजण्याबद्दल. गेल्या काही वर्षांत गिटारच्या जाहिरातीत टॉरिफाइड टॉप, रोस्टेड मेपल नेक असे शब्द दिसायला लागलेत. यामाहा आपल्या पद्धतीला ए.आर.ई. म्हणते, मार्टिन ही अमेरिकी गिटार कंपनी व्ही.टी.एस. म्हणते. मूळ तंत्र लाकडाचंच, वाद्यांचं नव्हे. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात घराबाहेरच्या लाकडासाठी थर्मोवूड विकसित झालं, त्यात १९० ते २१२ अंशांपर्यंत जातात. एवढ्या उष्णतेत हवा असेल तर लाकूड जळेल, म्हणून प्राणवायू काढून टाकतात. वाफेत, नायट्रोजनमध्ये किंवा निर्वात टाकीत ते भाजलं जातं. लाकडातले हेमिसेल्युलोज नावाचे घटक सगळ्यात आधी मोडतात, आणि पाणी ओढून घेण्यात त्यांचाच मोठा वाटा असतो. त्यामुळे भाजलेलं लाकूड पुढे हवेतला ओलावा खूप कमी घेतं. वजन घटतं, रंग आरपार चहासारखा होतो.

इथल्या मालकांनी जवळच्याच एका फॅब्रिकेटरकडून पोलादी टाकी बनवून घेतली आहे, निर्वात पंप आणि नायट्रोजनसह. साडेतीन फुटांपर्यंतचा माल मावतो, म्हणजे नेकचे ठोकळे आणि टॉपच्या पाट्या सहज. मी स्प्रूसच्या काही पाट्या दिल्या आणि त्यातलीच एक जोडी न भाजता माझ्याकडे ठेवली, तुलनेसाठी. १७० अंशांवर भाजून आणलेल्या पाट्या हातात घेतल्या तेव्हा हलक्या लागल्या, आणि बोटाने वाजवल्यावर आवाज जास्त वेळ टिकत होता. हे मी अनेकांना डोळे मिटायला लावून ऐकवलं, कुणी चुकलं नाही. पावसाळ्यात दोन्ही जोड्या एकाच खोलीत ठेवल्या, न भाजलेली स्पष्ट रुंदावली, भाजलेली तिच्यापेक्षा बरीच कमी. आपल्या हवामानात हा फायदा फार मोठा आहे. थंड देशातल्या कारागिराला आवाजासाठी याचं कौतुक असेल, मला पाचगणी आणि महाबळेश्वरच्या गिऱ्हाइकासाठी आहे.

पण भाजलेला टॉप ठिसूळ असतो. कडेला पट्टी बसवायची खाच, म्हणजे चॅनल, कापताना कपचा उडतो. नख लागलं तर खूण पडते. ब्रेसिंग घासताना हात हलका ठेवावा लागतो. गोंदातलं पाणी लाकडात शिरायला वेळ लागतो, म्हणून पांढरा गोंद वापरला तर क्लॅम्प जास्त वेळ ठेवायचे. आणि साइडसाठी लाकूड भाजून घेऊ नका. गरम नळीवर वाकवताना ते लवचीक राहत नाही, मोडतं. हे अण्णांनी मला आधीच सांगितलं आणि साइडचा माल भाजायला घेतलाच नाही. पैसे मिळत असताना नको म्हणणारा माणूस सेवाक्षेत्रात क्वचित भेटतो, म्हणून याची नोंद करते.

‘एका दिवसात पन्नास वर्षांचा आवाज’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या गिटारच्या आवाजात वाजवण्याचा, पॉलिश पातळ होत जाण्याचा, जोड बसत जाण्याचा वाटा असतो. भट्टी त्यातला एक भाग देते, आणि तो खरा आहे. मी पुढेही टॉप भाजून घेणार आहे. नेक अजून पुरेशा भाजून बघितलेल्या नाहीत, तेव्हा त्यावर लिहीत नाही.

गैरसोयी. माल छोटा असेल तर थांबावं लागतं, कारण एका चेंबरमध्ये एकाच जातीचा आणि जाडीचा माल घातला तरच सुकवणी नीट होते, आणि तेवढा जमेपर्यंत तुमची थप्पी शेडमध्ये पडून राहते. जानेवारी ते एप्रिल पॅलेटचं काम एवढं असतं की वाद्यवाल्यांनी फोनही करू नये. वीज गेली तर जनरेटरवर फक्त पंखे चालतात, तापमान उतरतं आणि वेळापत्रक लांबतं. वहीत तेही लिहिलेलं असतं, हे चांगलं. दर घनफुटावर आहे, पण किमान शुल्क लागतं, तेव्हा दोन फळ्यांसाठी जाणं महाग पडतं. दोघाचौघांनी मिळून शिसवीचा एकत्र माल न्यावा. भाजण्याचा खर्च नायट्रोजनमुळे जास्त येतो.

शिसवी न्याल तर खरेदीचे आणि वाहतुकीचे कागद बरोबर ठेवा, ते बघितल्याशिवाय माल आत घेत नाहीत. बरोबरच आहे. मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझीलची शिसवी सोडून आपली भारतीय शिसवी धरली तेव्हापासून जगभरच्या गिटारींना ती लागते आहे, आणि २०१७ पासून शिसवीच्या डाल्बर्जिया गटावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या कराराचं आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. सह्याद्रीतलं हे झाड सावकाश वाढतं. ते वाईट सुकवून फुकट घालवणं मला सहन होत नाही, आणि या भट्टीची एवढी बाजू घेण्याचं तेही एक कारण आहे.

एक प्रश्न मला २०१९ च्या महापुरानंतर सतत येतो, म्हणून इथेच उत्तर देते. कृष्णेचं पाणी घरात शिरून भिजलेली तयार गिटार भट्टीत सुकवता येईल का? नाही. ६०-६५ अंशांच्या पुढे गोंद नरम होतो आणि गिटार जोडातून उलगडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही हेच होतं, पुण्याहून बंगळुरूला जाताना दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हा गिटार गाडीत ठेवू नका. भिजलेली गिटार तारा उतरवून, सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, हळूहळू वाळू द्यायची आणि मग कारागिराकडे न्यायची.

जायचं असेल तर मे महिना गाठा, द्राक्षं संपलेली असतात आणि पाऊस आलेला नसतो. टोकांना मेण लावून न्या, फळ्यांवर खडूने नाही तर पक्क्या मार्करने नाव घाला, नमुन्याची फळी आपल्याच मालातली ठेवायला सांगा, आणि माल उचलायच्या आधी आपल्यासमोर चिमटा कापून मागा. अण्णा नाही म्हणत नाहीत.